डाइव्हिंग कॅमेऱ्याच्या हाउसिंगचे बटण अडकते तेव्हा: नवख्यांसाठी क्रमवार तपासणी

नेत्राणी बेटाजवळ सोळा-सतरा मीटर खोलीवर, नुकताच काढलेला फोटो पाहावा म्हणून मी हाउसिंगवरचे (पाण्याखाली कॅमेरा ठेवण्याच्या जलरोधक पेटीवरचे) प्लेबॅकचे बटण दाबले आणि ते आत गेले ते बाहेर आलेच नाही. शटर दाबले की कॅमेरा क्षणभर फोटो काढण्याच्या स्थितीत येई आणि लगेच पुन्हा तोच जुना फोटो दाखवू लागे; तेवढ्यात समोरून बॅराकुडा माशांचा थवा निघून गेला. वर येताना साधारण सहा मीटरवर ते बटण आपोआप टक्कन बाहेर आले. कॅमेरा बिघडला असे मी मनाशी ठरवून टाकले आणि संध्याकाळी मुरुडेश्वरच्या लॉजवर चाकूच्या टोकाने हाउसिंगच्या आतली क्लिप उचकटली. ती उडून पलंगाखाली कुठेतरी गेली, ती आजपर्यंत सापडलेली नाही. पुण्याला परतल्यावर दुरुस्तीवाल्याने कॅमेरा माझ्यासमोर चालवून दाखवला. कॅमेऱ्याला काहीही झालेले नव्हते, आणि खरे तर हाउसिंगलाही नाही. बटणाच्या दांडीभोवती फक्त मीठ धरले होते.

ज्यांनी नुकतेच हाउसिंग घेतले आहे आणि जे तारकर्ली, गोव्याचे ग्रँड आयलंड, नेत्राणी किंवा अंदमानला ते घेऊन जाणार आहेत, त्यांनी हा खटाटोप टाळावा म्हणून पुढचा क्रम लिहीत आहे. तो प्रामुख्याने छोट्या कॅमेऱ्यांच्या पॉलिकार्बोनेट (कठीण प्लॅस्टिकच्या) हाउसिंगसाठी आहे. ॲल्युमिनियमच्या मोठ्या हाउसिंगमध्ये गिअर आणि लिव्हर अधिक असतात, पण तपासणीचा क्रम तोच राहतो. बटण कुठे अडते हे नक्की कळल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये, एवढी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो.

१. जवळ काय असावे

मऊ, धागे न सुटणारे कापड, कापसाच्या काड्या, छोटा टॉर्च, भिंग, पारदर्शक चिकटपट्टी, व्हाइटबोर्डचा मार्कर, झिपची पारदर्शक पिशवी, हाउसिंगच्या उत्पादकाने दिलेले ग्रीस आणि त्याच मॉडेलचा ओ-रिंगचा (पाणी अडवणाऱ्या गोल रबरी कड्यांचा) सुटा संच. ओ-रिंग काढण्यासाठी प्लॅस्टिकची बोथट काडी घ्यावी; सुई किंवा सेफ्टी पिन घेऊ नये, कारण तिचा डोळ्यांना न दिसणारा ओरखडासुद्धा पुढे पाणी आत घेतो. विमानाने जाताना पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर चेक-इनच्या बॅगेत टाकावेत, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्ये आपल्याजवळ ठेवाव्यात.

कागदपत्रांमध्ये खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड आणि हाउसिंगच्या अनुक्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. वॉरंटीच्या मुदतीत बटण स्वतः उघडले तर ती बहुधा तिथेच संपते, म्हणून सातव्या पायरीआधी ते कार्ड एकदा वाचून घ्यावे.

ग्रीसबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. घरात व्हॅसलीन असते, शिलाई मशीनचे तेल असते, गंज सोडवण्याचा फवारा असतो, आणि यांपैकी काहीतरी बटणाच्या फटीत सोडण्याचा मोह हमखास होतो. असल्या पेट्रोलियमच्या पदार्थांनी काही प्रकारचे रबर फुगते किंवा खराब होते, आणि फवाऱ्यातल्या द्रावकांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जाऊ शकतात. सिलिकोनचे ग्रीस म्हणजे सगळीकडे चालणारी वस्तू, हाही गैरसमजच आहे. ओ-रिंग स्वतः सिलिकोनची असेल तर सिलिकोन ग्रीसने ती फुगते. म्हणून मित्राच्या डबीतले ग्रीस घेऊ नये, आपल्या हाउसिंगसोबत आलेलेच वापरावे.

२. बटण कसे चालते ते आधी समजून घ्या

हाउसिंगच्या भिंतीला आरपार भोक असते. त्यातून स्टीलची बारीक दांडी जाते, तिच्यावर एक किंवा दोन छोट्या ओ-रिंग असतात, बाहेरच्या टोपीखाली स्प्रिंग असते आणि दांडी निसटू नये म्हणून आतल्या बाजूला ई-आकाराची क्लिप असते. दांडीच्या आतल्या टोकाला बहुधा रबराचे टोपण असते, आणि तेच कॅमेऱ्याचे बटण दाबते.

पाण्यात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. हाउसिंगच्या आत मात्र बोटीवर झाकण लावताना होती तीच हवा असते. दांडी ३ मिलिमीटर व्यासाची असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे १८ मीटरवर तिला आत ढकलणारे बळ साधारण १२५ ग्रॅमचे आणि ३० मीटरवर २१० ग्रॅमचे असते. तीच दांडी ५ मिलिमीटरची असेल, तर ३० मीटरवर हा आकडा ६०० ग्रॅमच्या आसपास जातो. आपण बोट उचलले की स्प्रिंगला एवढे बळ परतवून शिवाय ओ-रिंगचे घर्षणही पार करायचे असते. दांडीभोवती थोडे मीठ धरले की घर्षण वाढते. हवेत स्प्रिंग ते सहज पार करते, पण खोलवर तिची ताकद पुरत नाही.

तारकर्लीला पाच-सात मीटरवर छान चाललेले बटण नेत्राणीला का अडते, याचे उत्तर एवढेच आहे. खोलवर अडकणारे आणि वर येताना आपोआप सुटणारे बटण दिसले की कॅमेऱ्यावरचा संशय सोडून द्यावा.

३. रिकामे हाउसिंग, कोरड्या टेबलावर

कॅमेरा बाहेर काढा, झाकण उघडे ठेवा आणि प्रत्येक बटण दहा वेळा दाबा, एकदा पटकन आणि एकदा अगदी सावकाश. सावकाश दाबून बोट हळूहळू उचलले की आळशी बटण लगेच ओळखू येते, कारण ते बोटाच्या मागोमाग न येता वाटेत रेंगाळते. भिंगातून टोपीच्या कडेला पांढरी किनार दिसते का, वाळूचा कण दिसतो का, ते पाहा. मालवणच्या किनाऱ्यावर वाळूत बसून हाउसिंग उघडले असेल, तर कण दिसण्याची शक्यता बरीच असते.

मग टॉर्च लावून आतून पाहा. दांड्यांची सगळी रबरी टोपणे जागेवर आहेत का, हे मोजा. टोपण गळाले असेल, तर दांडी मिलिमीटरभर तोकडी पडते, बटण पूर्ण आत जाते आणि तरीही कॅमेरा दाद देत नाही. या पायरीत सगळी बटणे चोख चालली, तर दोष बहुधा पुढच्या पायरीत सापडतो.

४. कॅमेरा आत बसवून, अजूनही कोरड्यातच

नवख्यांच्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे, आणि कारणे ऐकली की हसू येते. कॅमेऱ्याचा पट्टा काढलेला असतो, पण पट्ट्याची कडी तशीच राहिलेली असते आणि त्यामुळे कॅमेरा मिलिमीटरभर तिरका बसतो. स्क्रीनवर जाड काच चिकटवलेली असते, फ्लॅशच्या खाचेवर टोपण असते, बॅटरीचे झाकण पूर्ण मिटलेले नसते, किंवा कॅमेऱ्याखालचा ट्रे स्क्रूवर अर्धाच आवळलेला असतो. हाउसिंग ज्या मॉडेलचे आहे त्याच्या आधीचे किंवा नंतरचे मॉडेल ‘दिसायला सारखेच आहे’ म्हणून आत घातले जाते, आणि त्यात एखादे बटण नेमके थोडे सरकलेले असते.

बटण कॅमेऱ्याच्या बटणावर नीट टेकते की नाही, हे पाहण्याची एक घरगुती युक्ती आहे. कॅमेऱ्याच्या बटणांवर पारदर्शक चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा, दांड्यांच्या रबरी टोकांना व्हाइटबोर्डच्या मार्करने शाई लावा, शाई ओली असतानाच कॅमेरा बसवून झाकण लावा, प्रत्येक बटण एकदाच दाबा आणि उघडून पाहा. शाईचा ठिपका बटणाच्या मधोमध आला, तर ठीक. तो कडेला आला किंवा दोन बटणांच्या मध्ये आला, तर कॅमेरा कुठल्या बाजूला सरकला आहे ते ठिपकेच सांगतात; सगळे ठिपके एकाच दिशेला सरकले असतील, तर दोष बैठकीचा आहे आणि एकच सरकला असेल, तर त्या दांडीचा. काम झाल्यावर चिकटपट्टी आणि शाई दोन्ही काढून टाका. (कुंकवाने हाच प्रयोग करू नका. बारीक पूड ओ-रिंगपाशी गेली, की एका दोषाचे दोन होतात.)

फिरवायच्या नॉबचे वेगळे आहे. काही हाउसिंगमध्ये कॅमेरा आत सरकवण्याआधी नॉब बाहेर ओढून धरावा लागतो आणि नंतर परत आत ढकलावा लागतो. ते विसरले की नॉब नुसताच गरगर फिरतो किंवा कॅमेऱ्याच्या डायलवर तिरपा चढून बसतो. नॉबच्या आतल्या टोकाला असलेले रबरी चाक गुळगुळीत झाले असेल किंवा त्याला ग्रीस लागले असेल, तर ते डायलवर घसरते. त्या चाकावर ग्रीस कधीच नको. साबणाच्या पाण्यात कापड पिळून ते पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मोड डायल ज्या खुणेवर असायला हवा, त्या खुणेवर हाउसिंगचा नॉबही आहे ना, हे झाकण लावण्याआधी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

शेवटी कॅमेऱ्याच्या सेटिंगकडे पाहा. एखादे बटण ‘चालत नाही’ म्हणून लोक हाउसिंग उघडतात, आणि कॅमेऱ्यात बटणांचे लॉक चालू असते, त्या मोडमध्ये ते बटण मुळातच बंद असते, किंवा आपणच कधीतरी त्याला दुसरे काम नेमून दिलेले असते. कॅमेरा हातात धरून, हाउसिंगशिवाय, तेच बटण त्याच मोडमध्ये दाबून पाहिले की हा प्रश्न दहा सेकंदांत सुटतो.

५. मीठ सोडवणे

तिसऱ्या पायरीत बटण रेंगाळले असेल, तर पहिला उपाय पाणी हाच आहे. कॅमेरा बाहेर ठेवून, झाकणाची मुख्य ओ-रिंग स्वच्छ करून, रिकामे हाउसिंग नीट बंद करा आणि बादलीत गोड्या, कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पाणी हाताला सुखद वाटेल एवढेच गरम असावे. हाउसिंग तरंगते, म्हणून त्यावर भरलेली बाटली ठेवावी. अर्ध्या तासाने पाण्यातच प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा, पाणी बदला आणि रात्रभर राहू द्या. नुसते बुडवून ठेवल्याने दांडीच्या खाचेतले मीठ निघत नाही. दाबल्यावर तिथले पाणी हलते आणि मीठ त्याच्याबरोबर बाहेर येते. माझे ते प्लेबॅकचे बटण याच उपायाने सुटले असते, तेही क्लिप न गमावता.

मीठ मुळात धरू नये, म्हणून डाइव्हनंतर हाउसिंग वाळू द्यायचे नाही. बोटीवर गोड्या पाण्याची बादली असेल तर त्यात, नसेल तर ओल्या टॉवेलात गुंडाळून सावलीत ठेवावे. बोटीवरच्या सामाईक बादलीवर माझा फारसा विश्वास नाही. दुपारपर्यंत तिचे पाणी निम्मे खारे झालेले असते आणि त्यात कोणाचा तरी मास्क, कोणाचे तरी बूट आणि चार कॅमेरे एकमेकांवर आपटत असतात. तिथे हाउसिंग दोन मिनिटे बुडवून, बटणे दाबून काढून घ्यावे आणि खरे भिजवणे मुक्कामावर करावे.

६. खोलवर कॅमेरा आपणहून काही करू लागला तर

बटणाला हात न लावता मेनू उघडतो, झूम चालू राहतो किंवा फ्लॅश बदलत राहतो, ही तक्रार आळशी बटणापेक्षा वेगळी समजावी. खोलवर प्लॅस्टिकची भिंत किंचित आत दबते. कॅमेरा आधीच एखाद्या दांडीला जवळजवळ टेकून बसला असेल, तर तेवढ्यानेही बटण दाबले जाते. याचे उत्तर पुन्हा चौथ्या पायरीत आहे: मागचे संरक्षक काचेचे आवरण काढा, ट्रे तपासा, ठिपक्यांची चाचणी पुन्हा करा. हाउसिंगवर लिहिलेली कमाल खोली ओलांडलेली नाही ना, हेही पाहावे, मात्र ओपन वॉटर डायव्हरची, म्हणजे डाइव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्याची, स्वतःची मर्यादाच १८ मीटर असल्याने नवख्यांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

७. बटण उघडून साफ करणे

भिजवूनही बटण रेंगाळत असेल, वॉरंटी संपली असेल आणि सुटी ओ-रिंग हातात असेल, तरच ही पायरी घ्यावी. सुटी ओ-रिंग नसताना उघडणे म्हणजे सहल बुडवणे. बटणाची ओ-रिंग ही पाणी आणि कॅमेरा यांच्यामधली एकमेव भिंत आहे.

आधी फोटो काढून ठेवा: टोपी, स्प्रिंग, वॉशर आणि क्लिप यांचा क्रम नंतर आठवत नाही. मग हाउसिंगचा तो भाग झिपच्या पिशवीत घालून, पिशवीतच क्लिप ढकला, म्हणजे ती उडाली तरी पिशवीतच राहील. एका वेळी एकच बटण उघडावे, कारण दोन स्प्रिंग दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची ताकद वेगळी असू शकते. दांडी बाहेर आली की ओ-रिंग प्लॅस्टिकच्या काडीने सरकवून काढा, दांडी आणि भोक कापसाच्या काडीने पुसा आणि भिंगातून कापसाचा तंतू मागे राहिलेला नाही ना ते पाहा.

स्प्रिंगवर तांबूस डाग असतील, ती आखूड झालेली वाटत असेल, तर ती बदलावी. काही जण स्प्रिंग ओढून लांब करतात. दोन दिवस बटण उसळून वर येते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बसते. बाजारातली जाड स्प्रिंग घातली, तर बटण दाबायलाच जड जाते.

नव्या ओ-रिंगला ग्रीस किती लावावे? बोटांमध्ये फिरवल्यावर ती चमकली पाहिजे, पण ग्रीसचा गोळा कुठेही दिसता कामा नये. ग्रीसने पाणी थांबत नाही. ते ओ-रिंग करते, ग्रीस फक्त तिला सरकू देते. जास्तीचे ग्रीस वाळू आणि केस धरून ठेवते. दांडी परत घालताना सरळ ढकलू नये, हलके फिरवत आत सरकवावी, कारण भोकाच्या धारेवर ओ-रिंग कापली जाऊ शकते. क्लिप खाचेत पूर्ण बसली की बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो. दांडी बाहेरून हलकेच ओढून ती सुटत नाही याची खात्री करा.

८. पाण्याखाली असताना बटण अडकले तर

शटर अर्धे दाबले की बहुतेक कॅमेरे प्लेबॅकमधून फोटो काढण्याच्या स्थितीत परत येतात; ते जमले तर त्याच मोडमध्ये राहून उरलेली डाइव्ह करावी आणि त्या बटणाला पुन्हा हात लावू नये. टोपीच्या कडेला नख घालून ते बाहेर ओढण्याचा प्रयत्न करू नये, टोपी तिरकी झाली तर दांडीही तिरकी होते आणि ओ-रिंगच्या एका बाजूला फट पडू शकते. बटण सुटावे म्हणून एकट्याने वर येणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. कॅमेऱ्याकडे पाहताना हवा किती उरली आहे, बडी (डाइव्हमधला जोडीदार) कुठे आहे आणि आपण वर तरंगत चाललो आहोत का, या तिन्ही गोष्टी विसरायला होतात. नेत्राणीला त्या दिवशी गाइडने मला पायातल्या फिनला धरून खाली ओढले होते, हे मी घरी कधी सांगितलेले नाही. वर येताना सुरक्षिततेसाठी घ्यायच्या पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात बटण आपोआप सुटले, तर खोलीचा आकडा डाइव्ह कॉम्प्युटरवर पाहून लक्षात ठेवावा.

बटणापाशी आतून थेंब दिसला, तर मात्र बटणाचा विचार सोडावा, कॅमेरा बंद करावा, पाणी कॅमेऱ्यापासून दूर काचेच्या बाजूला साठावे म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्सची बाजू खाली करून हाउसिंग धरावे, गाइडला खूण करावी आणि नेहमीच्याच गतीने, थांबा न चुकवता वर यावे. वर आल्यावर हाउसिंग पुसून, लेन्सची बाजू खालीच ठेवून उघडावे आणि बॅटरी काढावी. कॅमेरा चालतो का हे पाहण्यासाठी तो सुरू करू नये.

९. कॅमेऱ्याविना चाचणी

बटण उघडले असेल किंवा हाउसिंग महिनोन्‌महिने कपाटात पडून असेल, तर पहिल्या डाइव्हला कॅमेरा आत नको. पावसाळ्यात कोकणातले डाइव्हिंग बंद असते, त्यामुळे ऑक्टोबरमधली पहिली डाइव्ह आमच्याकडे बहुतेकांची अशीच असते. हाउसिंगमध्ये पांढऱ्या टिश्यू पेपरची घडी ठेवावी, ते बुडावे म्हणून आत कापडात गुंडाळलेले वजन ठेवावे आणि गाइडला आधी सांगून ते क्लिपने जॅकेटला अडकवावे. विमानाने नेले असेल, तर मुख्य ओ-रिंग प्रवासात काढलेली असावी. बंद हाउसिंग केबिनमधल्या कमी दाबात उघडले आणि तिथेच मिटले, तर जमिनीवर त्याचे झाकण उघडता उघडत नाही.

खाली गेल्यावर पाच, दहा आणि पंधरा मीटरवर थांबून प्रत्येक बटण सावकाश दाबावे आणि कोणते किती खोलीवर रेंगाळते ते पाण्याखाली लिहिता येणाऱ्या पाटीवर लिहावे. हाउसिंग दुरुस्तीला पाठवण्याची वेळ आलीच, तर ‘बटण चालत नाही’ यापेक्षा ‘मागचे डावीकडचे वरचे बटण दहा मीटरपर्यंत चालते, पंधरावर आत राहते, सहावर सुटते’ हे वाक्य तंत्रज्ञाच्या कितीतरी अधिक उपयोगाचे असते. बोटीवर आल्यावर हात आणि केस कोरडे करून, हाउसिंग पुसून मगच उघडावे, नाहीतर आपल्याच केसांतले पाणी टिश्यूवर पडते आणि नसलेली गळती शोधत बसावे लागते. टिश्यू कोरडा असेल आणि पाटीवर काही लिहावे लागले नसेल, तर दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा आत घालायला हरकत नाही.